जुन्या फटफटीला रिक्षाची चाकं बसवताना



खरिपाच्या तोंडावर शिवारफेरीला निघालो की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, घरी जुनी गाडी पडून आहे. मागचं चाक काढून रिक्षाची दोन बारकी चाकं टाकली तर कोळपं ओढंल का?"

विचारणारा बहुधा तीन ते पाच एकरवाला असतो. बैलजोडी कधीच विकलेली. गोठ्यात एखादी म्हैस, पडवीत जुनी शंभर सीसीची फटफटी. भाड्याच्या जोडीची वाट पाहावी तर वाफसा निघून जातो, कारण ज्याची जोडी तो आधी स्वतःचं रान करणार. त्याला नावं ठेवून उपयोग नाही, आपणही तेच केलं असतं. ट्रॅक्टर सोयाबीनच्या दीड फुटी तासात शिरत नाही. मग चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडे बसून डोक्यात चक्रं फिरू लागतात.

प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. ओढेल. पण कधी, किती आणि कुठपर्यंत, हे समजल्याशिवाय गाडीला गॅस कटर लावू नका. एकदा चेसिस कापली की ती पुन्हा जुळत नाही. मागच्या काही हंगामांत या जुगाडाच्या बाबतीत माझ्याही हातून एक चूक घडली, तीही पुढे सांगणार आहे.

ही कल्पना आजची नाही. सौराष्ट्रात अमरेली जिल्ह्यात मोटा देवळिया नावाचं गाव आहे. तिथल्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून त्या जागी दोन चाकांची जोडणी व अवजारांचा दांडा बसवला. दुष्काळाने बैल पोसणं परवडत नव्हतं, मजूर मिळत नव्हते. भुईमूग-कपाशीचा तो मुलूख. 'सांती' म्हणजे तिकडचं बैलजोडीचं औत, म्हणून यंत्राचं नाव पडलं 'बुलेट सांती'. पेरणी, कोळपणी, सऱ्या ओढणं, फवारणी, सगळं एकाच गाडीवर. अर्ध्या तासात एकर आणि दोन लिटर डिझेल, अशी त्याची नोंद आहे. अहमदाबादच्या प्रा. अनिल गुप्ता यांच्या हनी बी नेटवर्कने आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने हे काम पुढे आणलं, आणि जगाणींना भारताबरोबर अमेरिकेचंही पेटंट मिळालं. चार बुकं शिकलेल्या कारागिराचं हे काम, बरं का.

आपल्याकडचे लोक मोबाइलवर सांती चालताना पाहतात आणि म्हणतात, आपणही करू. पण एक फरक लक्षात घ्या. त्यांच्याकडे ३२५ सीसीची जड बुलेट होती, आपल्या पडवीत शंभर सीसीची हलकी गाडी आहे. आणि आपण बसवणार ती चाकं रिक्षाची, कारण ती स्वस्त मिळतात आणि वेल्डिंगवाल्याकडे पडलेली असतात.

चाक लहान केल्यावर नेमकं काय होतं

हे पुस्तकात पाहण्याची गरज नाही. टायरवर खडूची खूण करा, सपाट जमिनीवर एक पूर्ण फेरा ढकला आणि टेपने मोजा. ३.००-१८ मापाचं टायर साधारण ६१ सेंटिमीटर उंच भरतं आणि एका फेऱ्यात १ मीटर ९१ सेंटिमीटर जातं. रिक्षाचं ४.००-८ मापाचं टायर सुमारे ४१ सेंटिमीटर उंच, एका फेऱ्यात जाणार १ मीटर २८ सेंटिमीटर. म्हणजे इंजिन तेवढंच फिरलं तरी गाडी दोन तृतीयांश अंतर कापते, आणि त्याच हिशेबाने जमिनीवरची ओढ दीडपट होते. 

आता वेग पाहू. बैल कोळप्याला ताशी अडीच ते तीन किलोमीटर चालतात. तोच वेग पिकाला मानवतो. त्याच्या वर गेलं की ढेकूळ उडून रोपावर पडतं आणि पास तणाच्या मुळाखालून जाण्याऐवजी वरून घसरते. समजा तुमच्या गाडीची पहिल्या गिअरची एकूण कपात ३६ आहे, म्हणजे इंजिन ३६ वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरतं. (तुमच्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.) इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ठेवलं तर मूळ चाकावर वेग होतो ताशी साडेनऊ किलोमीटर. रिक्षाचं चाक लावल्यावर सुमारे ६.४. म्हणजे नुसतं चाक लहान करून भागत नाही. अजून निम्मा वेग कमी करावा लागतो.

इथे बहुतेक जण मागचं स्प्रॉकेट मोठं करायला जातात, आणि तिथेच फसतात. ४४ दात्यांच्या जागी ८८ दात्यांचं स्प्रॉकेट टाकलं तर वेग निम्मा होईल हे खरं, पण नेहमीच्या अर्धा इंची साखळीला ८८ दात्यांचं स्प्रॉकेट जवळपास ३६ सेंटिमीटर व्यासाचं होतं. चाक आहे ४१ चं. साखळी जमिनीपासून अडीच सेंटिमीटरवर आली! पहिल्याच ढेकळाला ती उतरणार, काळ्या रानात तर चिखलाने भरूनच जाणार. म्हणून इंजिन आणि आसाच्या मध्ये एक जादा शाफ्ट घ्या. १४ दात्यांवरून २८ दात्यांवर एक साखळी आणि तिथून पुढे दुसरी. वेग निम्मा होऊन ताशी ३.२ वर येतो आणि साखळीही वर राहते. दोन बेअरिंग आणि एक साखळी वाढते, पण त्यात काटकसर करू नका.

ताकद पुरते, पकड पुरत नाही

शंभर सीसीचं इंजिन कागदावर सात-आठ अश्वशक्तीचं असतं. बैलजोडीची सलग ताकद अंदाजे एक अश्वशक्ती. मग ही गाडी नांगरसुद्धा ओढेल, असं एका तरुणाने मला हिशेब करून दाखवलं. हिशेब बरोबर होता, पण चाक जागेवर फिरलं तर ताकद काय कामाची? मोकळ्या रानात रबरी टायर जेवढा भार वाहतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच ओढ धरतं असं समजा. गाडी आणि बसणारा मिळून मागच्या चाकांवर सव्वाशे किलो भार आला तर ओढ चाळीस किलोच्या आसपास. चांगली बैलजोडी त्याहून जास्त ओढते आणि दिवसभर ओढते. म्हणून या गाडीला तीन पासांचं हलकं कोळपं द्या. वखर देऊ नका, नांगराचं तर नावच काढू नका.

वजन वाढवावं म्हणून काही जण आसावर वाळूच्या गोण्या बांधतात. थोडी पकड वाढते, हे कबूल. पण लहान चाक मुळातच जमिनीत जास्त रुततं, कारण त्याचा जमिनीला टेकणारा भाग आखूड असतो. भार वाढवला की आणखी रुतणार, आणि मागे चाकोरी दाबून जाणार. गोण्यांपेक्षा नक्षीदार टायर बरं, आणि हवा रस्त्यावर ठेवतो त्यापेक्षा कमी. ओल्या रानात तर गाडी घालायचीच नाही. मुठीत मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा, नाही फुटला तर घरी चहा प्या.

लहान चाक उंची खातं

आमच्या तालुक्यात एका शेतकऱ्याने असं यंत्र बनवलं, तेव्हा मी सुरुवातीपासून सोबत होतो. साडेतीन एकर, सोयाबीन आणि थोडी कपाशी. हुशार माणूस, हाताने काम करणारा. चाकांचं अंतर आम्ही दोघांनी बसून ठरवलं. सोयाबीनचं तास ४५ सेंटिमीटरचं. पुढचं चाक एका पट्ट्याच्या मध्यावरून जाणार, मागची दोन चाकं दोन्ही बाजूंच्या शेजारच्या पट्ट्यांच्या मध्यावरून. म्हणजे मागच्या चाकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ९० सेंटिमीटर. कागदावर झकास जुळलं.

पेरणीनंतर अठराव्या दिवशी पहिली कोळपणी केली. रोप वीतभर होतं. यंत्र सुरेख चाललं. बांधावर दहा-बारा जण जमले होते. मी मोबाइलवर चित्रफीत घेतली, तालुक्याच्या बैठकीत दाखवली, चार गावांच्या शिवारफेरीत कौतुक केलं.

दुसरी कोळपणी तिसाव्या दिवसानंतर. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. चाक ४१ सेंटिमीटरचं म्हणजे आस जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर, टायर भाराखाली दबलं की त्याहूनही खाली. सोयाबीन तोवर गुडघ्याकडे निघालेलं. मागचा आस दोन ओळींच्या बरोबर वरून जात होता. पहिल्या तासातच शेंडे मोडलेले दिसले. त्याने गाडी थांबवली, खाली उतरला, दोन रोपं हातात घेऊन बघितली आणि काही न बोलता गाडी बाहेर काढली. उरलेली कोळपणी सायकल कोळप्याने झाली.

मूळचं मोठं चाक ठेवलं असतं तर आस तीस सेंटिमीटरवर राहिला असता, पण मग ओढ गेली असती. हा पेच सुटत नाही. ओढ हवी की उंची, हे पिकाकडे बघून ठरवा. सोयाबीन, मूग, उडदात लहान चाकाचं यंत्र पहिल्या कोळपणीपुरतंच. कपाशीचा पट्टा चार फुटी असेल तर दोन्ही मागची चाकं एकाच पट्ट्यात घालता येतात, आस ओळीवरून जातच नाही, आणि तिथे लहान चाक दोन-तीन पाळ्या सहज करतं. म्हणून आस सरकता ठेवा, चाकं आतबाहेर घेता आली पाहिजेत. आमचा आस पक्का वेल्ड केलेला होता. ती चूक निम्मी माझीच.

आणखी दोन गोष्टी त्या शेतात कळल्या. गाडीचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. रस्त्यावर चाळीसच्या वेगाने वारा मिळतो, शेतात तीनच्या वेगाने कुठून मिळणार? दोन तासांत इंजिन इतकं तापलं की तेल जळल्याचा वास आला. स्कूटर-रिक्षाच्या इंजिनाला पत्र्याच्या आवरणात पंखा असतो तो याचसाठी. तसा पंखा बसवता आला तर उत्तम, नाहीतर पाऊण तास चालवून थांबा, आणि तेल रस्त्यापेक्षा लवकर बदला.

दुसरी गोष्ट हँडलची. पुढचं चाक मूळचं आणि मागची लहान, त्यामुळे गाडीचा मागचा भाग दहा सेंटिमीटर खाली बसला. पुढचे फोर्क त्यामानाने साडेचार अंश मागे झुकले आणि हँडल जड झालं. शेतात सरळ तास धरायला ते बरंच पडतं, बांधाला वळताना मात्र खांदे भरून येतात. काही पोरं उलटं करतात, पुढचंच चाक लहान टाकतात. त्याने हँडल हलकं होऊन थरथरतं आणि काटा पुढच्या चाकावर चालणारा असेल तर चाळीसला साठ दाखवतो. ते करूच नका.

रस्त्यावरची गोष्ट

आता ती माझी चूक. शेतातल्या कौतुकाच्या भरात एक गोष्ट मी बोललो नाही. मागचं चाक काढलं तेव्हा त्याच्या हबमधला ब्रेकही त्याच्यासोबत निघून गेला. राहिला फक्त पुढचा. आणि दोन्ही मागची चाकं एकाच आसाला पक्की. ट्रॅक्टरला, रिक्षाला वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, त्यासाठी आत डिफरन्शियल असतं. इथे ते नव्हतं. मऊ रानात चाक घसरून निभावून जातं. डांबरावर चाक घसरत नाही, मग गाडी वळतच नाही, सरळ रेटा देते.

हे मला ठाऊक होतं. सांगायचं राहिलं असंही नाही. मनात आलं होतं, पण यंत्र शेतातच चालणार असं मी गृहीत धरलं. आश्विनात एके संध्याकाळी तो बायकोला मागच्या दांड्यावर बसवून, वर चाऱ्याचे भारे टाकून डांबरी रस्त्याने घरी निघाला. ओढ्याच्या पुलाआधी उतार आणि वळण आहे. गाडी वळेना, म्हणून त्याने पुढचा ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली. त्याला खरचटलं. बायकोचा पाय मांडीत मोडला, दोन महिने ती खाटेवर होती. ऐन सोयाबीन काढणीत.

दवाखान्यात गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "साहेब, तुम्ही तर लई भारी म्हणत होता." विम्याचं विचारलं तर गाडीच्या कागदावर दुचाकी आणि जागेवर तीनचाकी, त्यामुळे तिथे बोलायलाच जागा राहिली नाही. कंपनीला दोष देण्यात अर्थ नव्हता, दोष द्यायचा तर सुरुवात माझ्यापासून करावी लागली असती.

म्हणून कायद्याचं नीट सांगतो, आणि सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनीही हे वाचावं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं. नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चाकांची संख्या बदलणं हा काही लपणारा बदल नाही. गाडी कायमची रस्त्याच्या उपयोगाची राहिली नसेल तर कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी प्रमाणपत्र जमा करायचं असतं. ते करा. नंबर प्लेट काढून ठेवा. तेवढ्याने यंत्र रस्त्यावर चालवण्याचा हक्क मिळत नाही, पण निदान कागद आणि वस्तू यांचा मेळ बसतो.

शेत घरापासून लांब असेल तर यंत्र ट्रॉलीत किंवा छोट्या टेम्पोत घालून न्या. तेही जमत नसेल तर हा नाद सोडलेला बरा.

खर्चाचं एक

पडीक गाडी घरची असली तरी चाकं, आस, बेअरिंग, शाफ्ट, साखळ्या, वेल्डिंग आणि मजुरी मिळून बिल फुगत जातं. पॉवर वीडरला महाडीबीटीवर अर्ज करून अनुदान मिळू शकतं, जुगाडाला मिळत नाही, कारण अनुदान तपासणी झालेल्या यंत्रालाच असतं. म्हणून वेल्डिंगवाल्याकडून आधी लेखी अंदाज घ्या आणि वीडरच्या अनुदान वजा किमतीशेजारी ठेवून बघा. आणि रान एकरभरच असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचं चाक आणि हँडल वापरून केलेलं 'कृषिराजा' कोळपं आठवा. त्याला ना पेट्रोल लागतं ना नोंदणी. आमच्या त्या शेतकऱ्याची दुसरी कोळपणी तशाच सायकल कोळप्याने निभावली होती.

त्याचं यंत्र मोडीत गेलेलं नाही. आता ते कपाशीतच चालतं. आस कापून सरकता केला आहे. एका मागच्या चाकाचा ड्राइव्ह सोडवून ते चाक मोकळं ठेवलं आहे, त्याने बांधाला वळणं सोपं झालं, ओढ थोडी कमी झाली. मागच्या चाकाला जुन्या स्कूटरचा ड्रम ब्रेक बसवला आहे. दांड्यावर बसायला जागाच राहू नये म्हणून त्याच्या बायकोने स्वतः वेल्डिंगवाल्याकडे उभं राहून तिथे उभ्या सळ्या मारून घेतल्या. गेल्या आठवड्यात तो विचारत होता, रब्बीला हरभऱ्याची दोन फणांची पेरणी याच्यावर जमेल का. कोरड्या रानात फण किती ओढ घेतो ते आधी वजनकाट्याचा हूक लावून मोजू, असं ठरलं आहे. काटा मी आणणार आहे.